सांग्रोच्या अलीकडची गावं

कानिफनाथ लढाईवरून परत आला तो १९४६ सालच्या माघात, आणि आल्या आल्या जो झोपला तो तीन दिवस उठलाच नाही. भाकरीपुरता उठायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि पुन्हा घोंगडीवर आडवा व्हायचा. बाभूळखांडच्या मंडळींची फार निराशा झाली. सरकारच्या बोटीत बसून मुलूख पाहून आलेला माणूस गावात दुसरा नव्हता. लोक सकाळ-दुपार त्याच्या ओट्यावर येऊन बसत आणि त्याची बायको रतनबाई दारातूनच सांगे, "निजल्यात." चौथ्या दिवशी तो डोळे चोळत बाहेर आला तेव्हा आबासाहेब पाटलांनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "काय कानिफा, कसा काय हाय मग इटलीचा मुलूख?"

कानिफनाथानं आधी चूळ भरली.

"चिखल," तो म्हणाला.

झालं! पाच वर्षं बाहेर राहून माणसानं आणलं काय, तर हे. बाभूळखांड पाथर्डीच्या पूर्वेला, उघड्या माळावर. तिथं वर्षातून महिनाभर चिखल पाहायला मिळाला तर लोक देवाला नारळ फोडतात. तो आपली थट्टा करतोय असंच लोकांना वाटलं. पण त्याला थट्टा करायचं त्राण नव्हतं. थकवा मनाचा असतो वगैरे जे म्हणतात ते असेल. याचा तर अंगाचा होता. पिंढऱ्या दुखत, खांदे दुखत, भाकरीचा तुकडा मोडायचा तर बोटं सरळ होत नसत. चौतीस वर्षांचा गडी उठताना गुडघ्यावर हात टेकून उठे.

बंदूक किती चालवली, हा पुढचा प्रश्न. त्यावर तो नुसती मान हलवी. खरं सांगायचं तर त्यानं बंदुकीपेक्षा खेचरंच जास्त चालवली होती. बेळगावला भरती झाल्यावर तिथल्या उस्तादानं गाव विचारलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मढीजवळचा आहे. मढीच्या जत्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो हे त्या पंजाबी उस्तादाला कुठून ठाऊक होतं कोण जाणे, पण तेवढं त्याला पुरलं. कानिफनाथ पलटणीच्या खेचरांवर गेला. आयुष्यात त्यानं गाढवाला हात लावला नव्हता. शेतकऱ्याच्या पोरानं बैल राखावा. गाढवं त्यानं जत्रेत लांबूनच पाहिलेली. गावात हे कळलं असतं तर पोरंसोरं पाठीमागून ओरडली असती. पण त्याच्या मुकेपणाचं कारण तेवढंच नव्हतं.

खरं कारण त्याच्या घरापासून चार घरं सोडून राहत होतं. रंगुबाई तिचं नाव. भावकीतली चुलती, तरुणपणी विधवा झालेली. तिचा एकुलता एक मुलगा गोरक्ष कानिफनाथाच्या पाठोपाठ भरती झाला होता, त्याच्याच हाताखाली खेचरांवर होता आणि १९४३ च्या कार्तिकात सांग्रो नावाच्या नदीत बुडून मेला होता. सरकारी कागद आला, तो पाटलांनी वाचून दाखवला. नदी ओलांडताना, कामावर असताना, बुडून मृत्यू. एवढाच मजकूर.

जे कागदात नव्हतं ते एकट्या कानिफनाथाला माहीत होतं. ते आताच सांगून टाकलेलं बरं.

बैलाचा कासरा आपल्याकडे माणूस मनगटाला वेढे देऊन धरतो. पोर आठ वर्षांचं झालं की त्याला तसंच शिकवतात, म्हणजे बैल बुजला तरी हातचा सुटत नाही. उस्तादाची पहिल्या दिवसापासून नेमकी याच्यावर नजर. खेचराचा दोर हाताला कधी गुंडाळायचा नाही, तो मुठीत धरायचा. जनावर घसरलं तर माणूस सुटला पाहिजे. शेतकऱ्यांच्या पोरांची ही खोड मोडायला दीड महिना लागला. गोरक्षची तर कानिफनाथानं स्वतः मनगटावर चापट्या मारून मोडली. आणि मग इटलीत, आतेसा नावाच्या गावाच्या चढावर, तोफेचा गोळा जवळ पडला, गोरक्षच्या हातून खेचर सुटलं आणि पाठीवरच्या दारूगोळ्याच्या पेट्यांसकट दरीत गेलं. हवालदारानं सगळ्यांदेखत कानिफनाथाची खरडपट्टी काढली, नाइकाची फीत उतरवीन म्हणाला. कानिफनाथ दोन दिवसांचा उपाशी आणि जागा होता, अंगावरचं कापड आठवडाभर वाळलं नव्हतं. त्यानं सगळा राग पोरावर काढला. "बैलाचा कासरा कसा धरतोस घरी? तसा धर. चांगलं दोन येढं घाल मनगटाला. हात तुटला तरी बेहत्तर, जनावर सुटता कामा न्हाई!"

पाचव्या दिवशी सांग्रोला पूर आला होता. त्यातून खेचरं पलीकडे न्यायची होती. गोरक्षचं खेचर मधोमध घसरलं. कानिफनाथानं डोळ्यांनी पाहिलं, पोरगं दुसऱ्या हातानं मनगट सोडवू बघत होतं. मैलभर खाली, वळणावरच्या झुडपात ते दोघं सापडले. मनगटाला दोन वेढे तसेच होते. डोली घेऊन माणसं यायच्या आत कानिफनाथानं ते आपल्या हातानं सोडवले.

म्हणून तो गावाला चिखल सांगत होता. आणि रंगुबाई विचारायला येईल त्या दिवसाची वाट पाहत झोपत होता.

ती आठव्या दिवशी आली. रडली नाही. ओट्याच्या कडेला बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "झोप झाली का?"

"झाली, काकू."

"मग उद्यापासून दुपारच्याला माझ्याकडं येत जा. चिंचा फोडायच्या हायेत. फोडता फोडता सांग."

"काय सांगू?"

"मला नदीचं येकदम सांगू नगंस. बोटीतनं उतरला तितनं धर. माझं प्वार कुटं कुटं गेलं, काय बगितलं, काय खाल्लं, सगळं गाववार सांग. कागदात निसतं मेला येवढंच हाय. मरायच्या आदी त्यो तितं जिता हुता, त्ये कुनी लिव्हलं न्हाई."

यावर कानिफनाथाला नाही म्हणता आलं नाही. कुणाला आलं असतं?

दुसऱ्या दिवसापासून तो जाऊ लागला. रंगुबाईच्या दारात जुनी चिंच होती. तिच्या सावलीला ती दगडावर चिंच ठेवून बत्त्यानं फोडी, गर एका टोपल्यात, चिंचोके दुसऱ्या. एक गाव सांगून संपलं की ती एक चिंचोका उचलून वेगळ्या मातीच्या परळात टाकी. पुढचं गाव दुसऱ्या दिवशी.

पहिलं गाव वास्तो. समुद्राच्या वर, उंच कड्यावर. खाली पाणी इतकं निळं की गोरक्षनं तोंडात घेऊन पाहिलं आणि थुंकला.

"खारट हाय म्हून सांगितलं न्हवतंस?"

"सांगितलं हुतं. त्याला पटतंय व्हय?"

रंगुबाई हसली. ती हसेल असं कानिफनाथाला वाटलं नव्हतं. मग त्यानं पाण्यात उभे केलेले लाकडी माळे सांगितले. आपण जोंधळ्यात पाखरं राखायला माळा घालतो तसाच, पण समुद्रात, लांब लांब खांबांवर. त्यावर कोळी बसतो आणि काठ्यांना बांधलेलं जाळं वर-खाली करतो. गोरक्ष तासभर बघत राहिला आणि म्हणाला, नाईक, हितं गोफण चालत नसंल. सामान उतरायचं ते या किनाऱ्यावर, आणि न्यायचं ते आत, डोंगरातल्या गावांना. मोटारी चिखलात रुतत, म्हणून खेचरं. किनाऱ्याहून वर, वरून पुन्हा किनाऱ्याला. त्यांचा तो सगळा मुलूख पायाखालून गेला होता.

दुसरं गाव पाल्मोली, टेकडीच्या डोक्यावर. रंगुबाईनं विचारलं, "बाया पानी कशात न्येत्यात?"

"तांब्याचा हंडा आसतोय. मधी बारीक, दोन कान. डोक्यावरनं न्येत्यात."

"निसता डोक्यावर?"

"खाली फडक्याचा येढा करून ठिवत्यात."

"चुंबळ!"

"व्हय, चुंबळच की."

तिचा हात थांबला. ज्या मुलखात बायका चुंबळ करतात तो मुलूख काही फार लांबचा नसणार, असं तिला वाटलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यानं पुढचं सांगितलं. पाल्मोलीच्या झऱ्यावर एक आंधळी म्हातारी भरला हंडा कुणी उचलून देईल म्हणून उभी होती. शिपायांना बघून बाकीच्या बाया पळाल्या होत्या. गोरक्ष पुढं झाला, दोन्ही कान धरून हंडा उचलला आणि घरी आईला देतो तसा तिच्या डोक्यावर दिला. म्हातारीनं चाचपून त्याचं मनगट धरलं, काहीतरी बोलली आणि कनवटीची दोन सुकी अंजिरं त्याच्या हातात ठेवली.

"येक तुला दिलं का त्यानं?"

"दिलं की."

"गुनाचं हुतं," रंगुबाई म्हणाली, आणि चिंचोका परळात टाकला.

मनगट हा शब्द तोंडातून गेल्यावर कानिफनाथाला त्या दुपारी पुढं काही सुचलं नाही. तो लवकर उठला.

जिस्सीला घराघराच्या सज्जातून लाल मिरच्यांच्या माळा सोडलेल्या. पलटणीतल्या पोरांच्या तोंडाला बेचव डबे खाऊन बुरशी आली होती. गोरक्षनं एक माळच मागून आणली, दगडावर ठेचा केला आणि मोठ्या हौसेनं सगळ्यांना वाटला. ठेचा गोड निघाला. अख्ख्या माळेत तिखटाचा ठिपूस नाही! पोरगं त्या गावावर दोन दिवस रागावलं होतं. फुर्चीला पांढरे धिप्पाड बैल दिसले, तेव्हा तो खेचर सोडून त्यांच्या गळ्याखालची पोळी खाजवत उभा राहिला. एका गावात लग्न होतं आणि नवरी काळ्या कपड्यात होती, कारण तिचा भाऊ लढाईत मेला होता. असं एकेक गाव होत गेलं. कुठं पाव, कुठं नुसतंच दाराआडून बघणारे डोळे, कुठं पडलेली घरं आणि त्यांच्या ढिगाऱ्यावर शांत बसलेली कोंबडी. पण पाऊस सगळीकडे.

सांगताना कानिफनाथाला एक चमत्कारिक गोष्ट कळली. तिकडे असताना त्यानं यातलं काहीच पाहिलं नाही असं त्याला वाटत होतं. पाय पुढं टाकायचा, पेटी घसरत नाही ना बघायचं, पुन्हा पाय. बघायचं काम सगळं गोरक्षनं केलं होतं, आणि रात्री भिजक्या घोंगडीत तो ते कानिफनाथाला सांगत बसायचा. कानिफनाथ म्हणायचा, नीज आता. आता तो तेच आईला परत करत होता.

सातवं गाव झालं आणि पुढं आतेसा आलं. आतेसानंतर पालिएता, आणि पालिएताच्या उतारावरून खाली बघितलं की नदी.

कानिफनाथानं त्या दिवशी आतेसा सांगितलंच नाही. मधे एक नवंच गाव घातलं. त्याचं नाव ठेवलं मोंतेरोको. तिथं एक झरा केला, झऱ्याला पायऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक गाव केलं, सान दोनातो. घरी येऊन तो रतनबाईला म्हणाला, "उद्या कुटलं गाव सांगू गं?" तिला वाटलं, नवऱ्याला खूळ लागलं. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

सान दोनातोला त्यानं झऱ्यावर म्हातारी उभी केली. थकलेल्या माणसाला खोटंसुद्धा नवीन सुचत नाही. म्हातारी आंधळी होती. गोरक्षनं तिला हंडा उचलून दिला.

रंगुबाईचा बत्ता थांबला होता. सवयीनं या गावाचाही चिंचोका तिनं परळात टाकला, मग परळ पुढं ओढला, बोटानं चिंचोके सारखे केले आणि त्यातले दोन उचलून बाजूला जमिनीवर ठेवले.

"कानिफा, गावं संपली का रे?"

त्यानं टोपल्यातली एक चिंच उचलून दगडावर ठेवली.

"आंधळी पाल्मोलीला हुती. कालच्या गावाला झऱ्याबिगर काय न्हवतं. तू नदी चुकवतुयास. मी आडानी आसंन, पन नऊ दिस झालं तुझं त्वांड बगतिया."

"काकू, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या."

"न्हाई. आज."

मग त्यानं सांगितलं. आतेसाचा चढ सांगितला, गोळा सांगितला, हवालदार सांगितला आणि आपण काय बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. पालिएता एका वाक्यात उरकलं. नदी सांगितली. मनगट सोडवणारा दुसरा हात सांगितला. झुडपातून ओढून काढल्यावर काय दिसलं ते सांगितलं, आणि डोली यायच्या आत आपण काय केलं तेही. त्याचा आवाज कुठं चढला नाही की फुटला नाही. रडायलाही अंगात जोर लागतो, तो त्याच्यात नव्हता.

"किती येढं हुतं?" रंगुबाईनं विचारलं.

"दोन."

ती उठली. गराचं टोपलं काखेत घेतलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. परळ तिथंच राहिला. त्यात सात चिंचोके होते. कानिफनाथानं आतेसाचा आणि पालिएताचा असे दोन उचलून त्यात टाकले, कारण ती गावं खरी होती, आणि तो घरी गेला.

चार दिवस रंगुबाईचं दार लागलेलं. सकाळी पाणी आणायला निघे तेव्हा ती कानिफनाथाच्या दारावरून जायची सोडून मागच्या बोळानं जाई. आता सांगून टाकलं म्हणजे मोकळं वाटेल अशी त्याची कल्पना असेल, तर ती साफ खोटी ठरली. पूर्वी निदान झोप लागत होती. आता तीही गेली. रतनबाईनं विचारून पाहिलं, मग विचारायचं सोडलं आणि चार दिवस त्याच्या ताटात जास्तीचं तेल वाढत राहिली. जेवण तसंच परत जाई.

पाचव्या दिवशी तो रानात गेला. चैत्र लागायला आला होता, नांगरट व्हायची होती, आणि घरात पडून नुसतं आढं किती बघायचं. ऊन चांगलं वर आल्यावर बांधावर कुणीतरी उभं दिसलं. रंगुबाई होती. ती किती वेळची उभी होती कोण जाणे. तिची नजर त्याच्या हाताकडे होती. त्यानं खाली पाहिलं. एका हातात नांगराचं रुमणं आणि दुसऱ्या मनगटाला कासऱ्याचे दोन वेढे. कधी घातले ते त्याला आठवेना. त्यानं घाईघाईनं ते सोडवले.

"सोडवू नगंस. बैल हाय त्यो," रंगुबाई म्हणाली. ती तासांमधून ढेकळं तुडवत जवळ आली आणि तिनं आपला उजवा हात पुढं केला. बांगड्या जाऊन वीस वर्षं झालेल्या त्या मनगटाभोवती एक पांढरट वळ होता, जुना, कातडीत मुरलेला.

"मालक गेलं त्या सालचा हाय ह्यो. औत हानायला घरात दुसरं कुनी न्हवतं. बैलानं फरफटत न्येलं मला या बांदापासनं त्या बांदापतुर, पन सोडला न्हाई. गोरक्षाला मीच शिकवलं. म्हनलं, गरिबाचं जनावर सुटलं तर परत येत न्हाई, दोन येढं घाल. तू काय नवीन सांगितलंस त्याला?"

कानिफनाथानं सुटलेला कासरा रुमण्याला अडकवला.

"पन सांगितलंस," ती म्हणाली. "सरकारनं त्याची खोड मोडली हुती, ती तू परत लावलीस. मी चार दिस लई इचार केला. तुला सोडून द्यावं म्हनलं तरी जीव सोडंना, आन तुझा राग करावा तर माझाच हात दिसतोय. तवा माझं माझ्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. दोगांनी बी वागवायचं."

तिनं माफ केलं नव्हतं. त्यानं माफी मागितलीही नव्हती. पण तिचं ते बोलणं ऐकून कानिफनाथ औत सोडून तिथंच तासात बसला. बैल मागं वळून बघू लागले.

बसल्या बसल्या त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून तंबाखूची चपटी डबी काढली. ती त्यानं सांग्रोपासून एक दिवस अंगावेगळी केली नव्हती. डबीत एक गुळगुळीत करडा दगड होता, कवडीपेक्षा थोडा मोठा.

रंगुबाईनं तो बघताक्षणी ओळखला. चितेपाशी मडकं फोडतात तो जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात राहतो आणि दहाव्याला तो पाण्यात सोडला की तो मोकळा होतो. गोरक्षला कानिफनाथानं अग्नी दिला होता, ओली लाकडं, त्यावर पेट्रोलचा डबा. राख पलटणीच्या पंडितानं नदीतच सोडायला लावली. खडा त्यानं त्याच काठावरचा उचलला होता.

"धाव्याला सोडला न्हाईस?"

"धाव्याला आमी नदीपासनं लांब डोंगरात हुतो, काकू. वर तोफा चालू. पाण्यापाशी जाता येईना. मंग म्हनलं, पुढच्या नदीला सोडू. पुढच्या नदीला हात व्हईना. तसंच ऱ्हायलं."

तेव्हा मात्र रंगुबाई भडकली. मनगटाचं ऐकून जिनं आवाज चढवला नव्हता ती आता ओरडली, "दोन वरसं? माझ्या लेकराला दोन वरसं तू डबीत कोंडून फिरवलास? त्याला पानी न्हाई, मोकळीक न्हाई! आरं, तुला काय वाटलं का न्हाई?" आणि ती रडली. उभ्यानं, तोंडावर पदर न घेता, भर उन्हात रडली. सरकारी कागद आला तेव्हाही गावानं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. कानिफनाथ डबी धरून तसाच बसून होता.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, खाली वाकून डबीतला खडा उचलला, तळहातावर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा आवाज एकदम निराळा निघाला.

"म्हंजी त्यो नदीच्या पल्याड गेला म्हन की."

"कसं?"

"खडा तुझ्याजवळ हुता न्हवं? तू जितं गेलास तितं त्योबी आलाच की. मला वाटत हुतं, माझं प्वार नदीच्या अल्याडच ऱ्हायलं. नऊ गावं बगितली आन संपलं." तिनं खडा पदराच्या गाठीत बांधला. "पल्याड किती गावं झाली?"

कानिफनाथाला हिशोब करायची ताकद नव्हती. "लई," तो म्हणाला. "लई झाली, काकू."

"मग उद्या दुपारी ये. चिंचा आजून हायेत. सगळी सांग, येकबी गाळू नगंस. आन येकबी घालू नगंस. सांगून झाली की आपुन मुंगी गावाला जाऊ, गोदागंगेवर, खडा सोडाया."

ती बांधावरून निघून गेली. कानिफनाथाला वाटलं होतं, आता तरी हे संपलं. संपलं कसलं, अर्धा मुलूख अजून चालायचा राहिला होता.

पण तो गेला. दुपारमागून दुपार जात राहिला. नदीपलीकडचं लांचानो सांगितलं, काझोली सांगितलं, ओर्सोन्याचं बर्फ सांगितलं. आता एक अडचण होती. पलीकडच्या गावांत बघणारा गोरक्ष नव्हता, त्यामुळे त्याला स्वतःलाच आठवून काढावं लागे की आपण काय पाहिलं. पहिल्यांदा नुसता चिखल आठवे. मग हळूहळू त्या चिखलातून एखादं दार वर येई, दारातली बाई, तिच्या हातातली परात. रंगुबाईनं खडा परळात चिंचोक्यांमध्ये ठेवला होता. कधी कधी कानिफनाथ तिच्याऐवजी त्याच्याकडे बघून सांगे, "ह्ये तुला आवडलं आसतं," आणि ती त्याला थांबवत नसे. किनाऱ्याला लागून शेवटचं मोठं गाव ओर्तोना. तिथं समुद्रातले ते लाकडी माळे पुन्हा दिसले होते, काही मोडलेले, पण एकावर कोळी बसला होता. तिथून पुढं जिल्हा दुसरा आणि वाट मोटारीची; पायाखालचा मुलूख इथंच संपला. परळात एकवीस चिंचोके झाले आणि टोपल्यातली चिंच संपली.

अक्षय्य तृतीयेच्या आधी चार दिवस त्यांनी बैलगाडी जुंपली आणि शेवगाववरून मुंगीला गेले. गोदावरी उन्हाळ्यात आटलेली, वाळूतून लांबवर जावं तेव्हा पाणी लागे. न्हाव्याचं, भटजीचं जे करायचं ते काठावर झालं. खडा ज्यानं अग्नी दिला त्यानंच सोडायचा, म्हणून कानिफनाथ एकटा पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. हात पुढं केला. पण मूठ उघडेना. बोटं आखडलेली, भाकरी मोडताना आखडत तशी. त्यानं दुसऱ्या हातानं बोटं सोडवून पाहिली आणि आपण काय करतोय ते ध्यानात येताच तो हात काढून घेतला. भटजी पुन्हा पुन्हा मंत्र म्हणत होते.

रंगुबाई वाळूत बसली होती. ती उठून पाण्याच्या कडेपर्यंत आली.

"हात ढिला सोड, कानिफा," ती म्हणाली. "जोर करू नगंस. निसता ढिला सोड."

त्यानं खांदा सैल केला, मग कोपर, मग मनगट. बोटं आपोआप सुटली. खडा पाण्यात गेला त्याचा आवाजसुद्धा आला नाही.

परतीच्या वाटेवर गाडी त्यानंच हाकली. रंगुबाई मागं, खडा ज्यातून आणला त्या रिकाम्या परळाशेजारी बसून होती. शेवगाव मागं पडल्यावर ती पुढं सरकली आणि त्याच्या खांद्यावरून बघू लागली. कासरा त्यानं दोन बोटांत नुसता धरला होता. बैल घराच्या वाटेला लागलेले, आपापले चालत होते.

"आसं बी चालत्यात की रं," ती म्हणाली, आणि उरलेला रस्ताभर आपलं मनगट चोळत राहिली.